बर्फाची रिंक निवडताना

“आम्ही परगावी निघालोय. मुलं म्हणतात, बर्फावर स्केटिंग करायचं. कुठल्या रिंकवर न्यावं?” हा प्रश्न आता किल्लारीसारख्या गावातूनही ऐकू येतो. कुणाचा मुलगा दुबईत नोकरीला असतो, कुणाची लेक न्यू जर्सीत नांदते, कुणी सिमल्याची सहल ठरवलेली असते. मूळ प्रश्नाच्या मागोमाग पुढचे येतात. आजीला नेता येईल का? साडीवर चालतं का? तिकिटाचे पैसे वाया तर जाणार नाहीत?

लातूर-नांदेडच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बर्फ आपल्याला माहीत आहे तो गोळ्याच्या गाडीवरचा आणि कारखान्यातल्या लादीचा. त्यामुळे रिंक निवडताना आपण फोटो बघतो, दिवे बघतो, मॉलचं नाव बघतो. खरं म्हणजे सगळ्यात आधी बर्फाची चौकशी करायला हवी. तो कसला आहे, कधी असतो आणि किती जणांत वाटला जातो, एवढं कळलं की निम्मी निवड होऊन जाते.

१. पाटी एक, वस्तू चार

‘आइस स्केटिंग’ या पाटीखाली चार निरनिराळ्या गोष्टी मिळतात. पहिली, उघड्यावर थंडीनेच गोठलेली रिंक. दुसरी, यंत्राने गोठवलेली रिंक, जी बाहेर ऊन असलं तरी चालते. तिसरी, प्लास्टिकची. पॉलिएथिलीन या कडक प्लास्टिकचे पत्रे एकमेकांत अडकवून पांढरा पृष्ठभाग तयार करतात आणि त्यावर खऱ्या बर्फाचेच स्केट्स घालून चालतात. मॉलमधल्या किंवा प्रदर्शनातल्या तात्पुरत्या रिंका पुष्कळदा अशा असतात. प्लास्टिकवर पाय कमी सरकतो, ढकलायला जोर जास्त लागतो आणि पात्याची धार लवकर जाते. दहा मिनिटांच्या गमतीला ते ठीक आहे. पण मुलाला बर्फाचा अनुभव द्यायचा असेल तर तो इथे मिळणार नाही. तिकीट काढण्याआधी सरळ विचारावं, “खाली गोठवलेलं पाणी आहे की प्लास्टिक?”

चौथी गोष्ट म्हणजे स्नोपार्क. किल्लारीकरांना सर्वांत जवळची ओळख हीच असेल, कारण उमरग्यावरून सोलापूर-हैदराबाद महामार्ग धरला की हैदराबाद अर्ध्या दिवसाच्या आत येतं आणि तिथे इंदिरा पार्कजवळ, लोअर टँक बंड रस्त्यावर, २००४ पासून ‘स्नो वर्ल्ड’ आहे. बंद इमारतीत शून्याखाली तापमान ठेवून तिथे भुसभुशीत बर्फ पसरलेला असतो. गरम कोट, हातमोजे, बूट तिथेच मिळतात. असा बर्फ उधळायला, घसरगुंडीवरून उतरायला, गोळे करून मारायला. रिंकवरचा बर्फ काचेसारखा सपाट आणि टणक हवा. स्नोपार्कमध्ये स्केटिंगचा एखादा कोपरा असला तरी तिथलं मुख्य काम बर्फात खेळण्याचं आहे. पाच वर्षांखालचं मूल आणि साठीपुढची आजी बरोबर असेल तर मी स्नोपार्कच सुचवेन, कारण तिथे सगळं घर एका वेळी आत जाऊ शकतं.

मुंबईच्या गोराईत १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फाची रिंक होती. मराठी घरांतल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पातं लावलेले बूट तिथेच घातले. ते उद्यान आता बंद आहे, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबून मुंबईची सहल ठरवू नका.

२. उन्हाळ्यात बर्फ टिकतो कसा

यंत्राच्या रिंकखाली काँक्रीटचा थर असतो आणि त्यात जवळजवळ बसवलेल्या नळ्यांचं जाळं. नळ्यांतून थंड केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल नावाचं द्रव फिरत राहतं. साधं पाणी का नाही? कारण ते शून्य अंशाला गोठून नळीतच अडकेल. पॉट आइस्क्रीम घरी फिरवताना आपण डब्याभोवतीच्या बर्फात जाडं मीठ टाकतो, तेव्हा हेच घडत असतं: मिठामुळे पाणी शून्याखाली जाऊनही पातळ राहतं आणि आतल्या दुधाची उष्णता ओढून घेतं. रिंकमध्ये दुधाच्या जागी वर शिंपडलेलं पाणी असतं. बर्फाच्या कारखान्यात लादीही याच तत्त्वावर धरते. मिठाच्या थंड पाण्यात पत्र्याचे डबे उभे करतात, तेवढाच फरक.

या पद्धतीची पहिली रिंक जॉन गॅम्जी या इंग्रजाने १८७६ साली लंडनमध्ये उघडली. तिच्या नळ्या तांब्याच्या होत्या. त्याआधी ज्या देशांत तळी गोठतात तिथेच स्केटिंग शक्य होतं.

आता पाण्याचा हिशेब. आंतरराष्ट्रीय मापाची मोठी रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. बर्फाचा थर धरू तीन सेंटिमीटर. म्हणजे ६० × ३० × ०.०३ = ५४ घनमीटर, अर्थात ५४ हजार लिटर. हा आकडा लातूर जिल्ह्याला नीट समजेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिला १० वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे ५ लाख लिटर. म्हणजे मोठ्या रिंकचा पूर्ण बर्फ साधारण एका वाघिणीच्या पाण्याचा. हे पाणी रोज बदलावं लागत नाही. वरचा पातळ थर तेवढा पुन्हा पुन्हा नवा करतात.

खरा खर्च पाण्याचा नसून विजेचा आहे. ३० अंशांवरचं एक लिटर पाणी शून्य अंशापर्यंत आणायला त्यातून सुमारे १२६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. मग त्याच शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ करायला आणखी ३३४ किलोज्यूल. नुसतं थंड करण्यापेक्षा गोठवायला अडीचपटीहून जास्त! एकदा गोठल्यावरही छतातून, दारातून, माणसांच्या अंगातून उष्णता आत येतच राहते, म्हणून यंत्र रात्रंदिवस चालतं.

देहरादूनचं उदाहरण यासाठीच लक्षात ठेवावं. तिथे महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयाच्या आवारात २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठ्या मापाची बंदिस्त रिंक बांधली गेली. स्पर्धा झाल्या आणि रिंक अनेक वर्षं बंद पडून राहिली, कारण ती गोठलेली ठेवणं परवडत नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे आशियाई पातळीची शॉर्ट ट्रॅक स्पर्धा झाली आणि रिंकला पुन्हा जीव आला. मधल्या काळातही तिचं नाव अनेक याद्यांत झळकत होतं. यादीत नाव आहे म्हणजे बर्फ आहे असं नव्हे. निघण्याच्या आठवड्यात फोन करावाच, आणि रिंक सर्वसामान्यांना खुली आहे की फक्त खेळाडूंना, हेही विचारावं.

३. बर्फ चांगला म्हणजे कसा

बर्फ गुळगुळीत का लागतो, याचं जुनं उत्तर असं होतं की पात्याच्या दाबाने तो वितळतो. गणित करून पाहू. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा आहे आणि तीस सेंटिमीटर लांब, तीन मिलिमीटर रुंद पातं पूर्ण टेकलं आहे असं धरलं, तर दाब वातावरणाच्या साडेसहापट पडतो. एवढ्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो तो एका अंशाच्या जेमतेम विसाव्या भागाने. पातं थोडंच टेकतं असं मानून दाब वाढवला तरी हे उत्तर पुरत नाही. आज मानतात ते असं की बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्यांइतके घट्ट बांधलेले नसतात, आणि पातं सरकताना घर्षणाची उष्णता त्यात भर घालते. त्या सैल थरावरून आपण घसरतो.

आपल्या निवडीशी याचा संबंध आहे. फार थंड बर्फ कोरडा आणि टणक लागतो. शून्याजवळ आलेल्या बर्फावर पाणी साचतं आणि पातं रुततं. आइस हॉकीसाठी बर्फ उणे पाच-सहा अंशांवर ठेवतात, नृत्यासारख्या फिगर स्केटिंगसाठी उणे तीन-चारवर, कारण उडी मारून उतरताना थोडा मऊपणा लागतो. नवशिक्याला यातला फरक कळणार नाही. पण जागोजागी डबकी दिसली, तर यंत्र कमी पडतंय हे त्यालाही कळेल. अशा ठिकाणी मुलं पडली की ओली होतात आणि अर्ध्या तासात कुडकुडून “घरी चला” म्हणतात.

शेकडो पाती फिरली की बर्फावर चरे आणि भुसा होतो. तो साफ करायला रिंकवर एक मोठी गाडी फिरते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावी फ्रँक झँबोनी यांनी १९४९ मध्ये ती तयार केली आणि पुढे तिला त्यांचंच नाव पडलं. ती वरचा थर खरवडते, धुते आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. पाणी गरम का? गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते खालच्या बर्फाचा वरचा भाग थोडा वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. ही गाडी नुकतीच फिरून गेली आहे असं सत्र मिळालं तर तेच घ्यावं. बहुतेक ठिकाणी सकाळचं पहिलं सत्र असं असतं आणि तेव्हा गर्दीही कमी असते. तिकिटाच्या खिडकीवर “बर्फ कधी नीट करता?” एवढं विचारलं तरी माणूस सांगतो.

४. सिमल्याची रिंक आणि आपल्या सुट्ट्या

भारतात रिंक म्हटलं की पहिलं नाव सिमल्याचं. लक्कड बाजाराखालची ही उघडी रिंक १९२० पासून चालू आहे. तिथे नळ्यांविना, थंडीनेच बर्फ धरत आलेला आहे. संध्याकाळनंतर जमिनीवर पाण्याचे पातळ थर देत जातात आणि रात्रीच्या थंडीत ते एकावर एक गोठतात. यासाठी आकाश निरभ्र लागतं. स्वच्छ रात्री जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशात सोडून देते. ढग आले की ते त्यातली बरीच उष्णता परत खाली पाठवतात आणि पाणी पाणीच राहतं. पर्यटकाला हे उलटं वाटतं. बर्फवृष्टी होईल अशा आशेने तो ढगांकडे बघतो, आणि रिंकवाले ढग पाहून सत्र रद्द करतात. ताजा हिम पडला तरी तो उपसून काढावा लागतो. स्केटिंग सकाळी आणि संध्याकाळी होतं, दुपारी उन्हात नाही. हिवाळे ऊबदार होत चालल्याने सत्रांची संख्याही घटत गेली आहे.

मराठवाड्यातल्या घरांचा घोटाळा इथेच होतो. आपल्या शाळांना मोठ्या सुट्ट्या दोन: दिवाळीची आणि उन्हाळ्याची. सिमल्याचा बर्फ मात्र साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. दिवाळीत गेलात तर तो धरलेला नसतो, मे महिन्यात गेलात तर केव्हाच गेलेला असतो. लातूरहून दिल्ली, तिथून कालका आणि मग १९०३ पासून धावणारी छोटी आगगाडी, असा लांबचा प्रवास करून मुलांना रिकामं मैदान दाखवणं वाईट. नाताळाच्या सुमारास शाळेतून चार दिवस सोडवून नेणार असाल तरच सिमल्याची रिंक बेतात धरा. तीही किमान दोन मुक्काम ठेवून, म्हणजे एक रात्र ढगाळ गेली तरी दुसरी हाताशी राहते.

लेहमध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतली बर्फावरची स्केटिंग होते आणि महाराष्ट्राच्या मुलामुलींनी तिथे पदकं मिळवली आहेत. पण ती उंची साडेतीन हजार मीटरची, थंडी हाडं गोठवणारी. लहान मुलं आणि वडीलधारी घेऊन केवळ रिंकसाठी जानेवारीत लेहला जाऊ नये.

५. गर्दीचं गणित

साठ बाय तीसच्या रिंकवर शंभर माणसं असली तर १८०० भागिले १००, म्हणजे माणशी १८ चौरस मीटर. मॉलमधल्या वीस बाय दहाच्या छोट्या रिंकवर चाळीसच माणसं असली तरी माणशी पाच चौरस मीटर. पहिल्या ठिकाणी शंभर असूनही मोकळं वाटेल, दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी सतत अंगावर येईल. म्हणून “किती लोक येतात?” या प्रश्नाला रिंकचं माप आणि एका सत्राला किती जणांना सोडतात, हे दोन्ही कळल्याशिवाय अर्थ नाही.

वेळेचंही असंच. सत्र तासाचं असलं तरी बूट घालून नाड्या आवळण्यात पहिल्यांदा दहा मिनिटं जातात. मध्ये गाडी फिरली तर आणखी दहा. हाती उरतात चाळीस. समजा तिकीट ६०० रुपये आणि बुटांचं भाडं वेगळं २०० रुपये, तर एका मुलाचं एक मिनिट २० रुपयांना पडलं. दुसरीकडे बुटांसकट ९०० रुपयांत दोन तास मिळत असतील, तर तशीच वीस मिनिटं वजा करूनही तेच मिनिट नऊ रुपयांना. दर विचारताना बूट, हेल्मेट, मोजे आणि नुसतं बघणाऱ्यांचं तिकीट, हे सगळं धरून विचारावं.

६. बूट, मोजे, साडी

भाड्याच्या बुटांवर युरोपी क्रमांक असतात. आपला ७ नंबर तिथे ४१ च्या आसपास. टाच उचलून पाहावी. बुटाच्या आत ती हलली तर बूट सैल आहे. नाड्या घोट्यापाशी सर्वांत घट्ट हव्यात, कारण बूट सैल असला की घोटा आत झुकतो आणि मूल म्हणतं “मला जमत नाही”. दोष बुटाचा असतो, मुलाचा नाही. मोजे पातळ आणि लांब घालावेत, दोन जाड जोड्या नकोत. फिगर स्केटच्या पात्याला पुढे दाते असतात, हॉकीच्या पात्याला नसतात. नवशिके चालल्यासारखं पाऊल टाकून पुढे जायला बघतात आणि त्या दातांवर अडखळतात. गुडघे वाकवून पाऊल तिरकं बाहेर ढकलायचं, हे आधीच सांगून ठेवावं.

साडी, ओढणी, लांब कुर्ता बर्फावर चालत नाही; कापड पात्याखाली आलं की पडणं ठरलेलं. सलवार किंवा ट्रॅकपँट आणि स्वेटर पुरेसं आहे. हातमोजे सगळ्यांना हवेतच: थंडीसाठी, आणि पडल्यावर बोटांवरून कुणाचं पातं जाऊ नये म्हणूनही.

घरून थोडी तयारी करता येते. १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी आखून वसवलेल्या किल्लारीत रस्ते रुंद आहेत आणि शाळांना अंगणं आहेत. एका रांगेत चाकं असलेल्या इनलाइन स्केट्सवर मुलांनी महिनाभर सकाळी सराव केला, तर बर्फावरचा पहिला तास भिंत धरण्यात जाणार नाही. आपल्याकडचे बर्फावरचे खेळाडू असेच चाकांवरून बर्फावर गेले. पुण्याच्या श्रुती कोतवाल यांनीही चाकांवर सुरुवात करून पुढे बर्फावरच्या वेगाच्या स्केटिंगमध्ये देशाचं प्रतिनिधित्व केलं.

७. आजी-आजोबांची रिंक

सहा जणांच्या घरात बर्फावर उतरणारे बहुतेकदा तिघेच असतात. उरलेल्या तिघांना तास-दीड तास बसायला जागा, नातवंडं दिसतील अशी काच, जवळ स्वच्छतागृह आणि गरम चहा मिळतो का, हे मी रिंकच्या आकाराइतकंच महत्त्वाचं मानते. बर्फाशेजारी बसलं की थंडी चढते, म्हणून दुबईला जूनमध्ये जातानाही आजीची शाल बरोबर असू द्या.

आजीला बर्फावर उतरवू नका. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. वय झालेलं हाड तिथे किंवा खुब्यात मोडतं. गरोदर बाई, गुडघ्याचं दुखणं असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले यांनीही बाहेरच बसावं. मुलांना पडायचं कसं ते शिकवावं: गुडघे वाकवून कुशीवर, मांडीवर बसल्यासारखं पडायचं, मुठी मिटायच्या, आणि लगेच एक गुडघा टेकवून उठायचं. हेल्मेट मिळत असेल तर मागून घ्यावं.

८. परदेशात मुलांकडे गेल्यावर

दुबई मॉलमधली रिंक २००८ पासून आहे, मोठ्या मापाची, बाराही महिने चालणारी. लहानांना धरायला सरकते पुतळे मिळतात आणि न उतरणाऱ्यांना मॉलमध्ये बसायला जागा भरपूर. तिथल्याच अल नस्र लेझरलँडची रिंक त्याहून जुनी, १९७९ ची. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठवाड्यातल्या घराला दुबई सोयीची, कारण बाहेर कितीही तापलं तरी आतला बर्फ मोसमावर अवलंबून नाही.

न्यू यॉर्कला रॉकफेलर सेंटरची रिंक सिनेमांमुळे सगळ्यांना माहीत. १९३६ च्या नाताळात ती सुरू झाली. माप फक्त १२२ बाय ५९ फूट, म्हणजे मोठ्या रिंकच्या निम्म्याहूनही कमी, आणि हिवाळ्यात झुंबड. तिथे कठड्यावरून बघावं, फोटो काढावा. पुढे ब्रायंट पार्कात हिवाळ्यात प्रवेश विनामूल्य असतो, बुटांचं भाडं तेवढं पडतं. वेळ आधी नोंदवावी. लेक उपनगरात राहत असेल तर तिच्या गावच्या रिंकचं सर्वांसाठीचं सत्र याहून चांगलं. स्वस्त, मोकळं, आणि शिकवायला कुणीतरी असतं. कॅनडात ओटावाच्या रिडो कालव्यावर ७.८ किलोमीटरचा गोठलेला रस्ता होतो, पण २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो एकही दिवस उघडला नाही. नैसर्गिक बर्फाचा भरवसा तिथेही उरलेला नाही.

किल्लारीहून निघणाऱ्या घराला माझा सल्ला असा. केवळ रिंकसाठी प्रवास आखू नका. ज्या गावी जाणारच आहात तिथली यंत्राची, मोठ्या मापाची रिंक बघा आणि आठवड्याच्या मधल्या दिवशीचं सकाळचं पहिलं सत्र घ्या. मुलं पाच वर्षांहून लहान असतील तर सध्या हैदराबादचं स्नोपार्क पुरे आहे. आणि कुठेही जायचं ठरलं तरी आदल्या दिवशी फोन करून एकच गोष्ट पक्की करा: उद्या बर्फ आहे ना?